पाकिटावर ‘पर्यावरणस्नेही’ छापण्याआधी

२०२४ च्या दिवाळीला बारा दिवस उरले होते. इंदूरला सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात चिवडा भरायचं काम बंद होतं आणि सहा बायका सकाळपासून पाऊचांवर स्टिकर चिकटवत बसल्या होत्या. एकूण ३८,००० पाऊच. प्रत्येकावर खालच्या कोपऱ्यात एक हिरवं पान आणि शेजारी ‘१००% पर्यावरणस्नेही पॅकिंग’. ते झाकायचं होतं. दुपारच्या चहाला माझ्या जाऊबाईंनी एक स्टिकर नखानं खरवडला, उन्हात धरून पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, हासुद्धा प्लॅस्टिकचाच आहे.”

झालं होतं असं. पुण्याच्या एका दुकानसाखळीनं आमची शेव आणि चिवडा ठेवायचं मान्य केलं होतं. माल पाठवायच्या आठवड्यात त्यांची दोन ओळींची मेल आली: पॅकिंग पर्यावरणस्नेही म्हणजे नेमकं काय, आणि आधाराचे कागद पाठवा. मी पाऊचवाल्याला फोन केला. त्यानं तासाभरात एक प्रमाणपत्र पाठवलं. ते तिसऱ्याच कंपनीच्या नावाचं होतं, पिशव्यांचं होतं, पाऊचचं नव्हतं आणि मुदत संपून चौदा महिने झाले होते. दोष त्याचा होताच, पण छापलं मी होतं. ‘छान दिसतं’ एवढ्याच कारणानं.

त्यानंतरच्या दीड वर्षात जे शिकले ते इथे लिहून ठेवते आहे, कारण आता रामबागेतली, सुदामानगरातली नवी मुलं फोन करतात. कोणी मसाले सुरू करतंय, कोणी साबण, कोणी कापडी पिशव्या. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: “काकू, पाकिटावर काय छापू?” मी म्हणते, छपाईचं सगळ्यात शेवटी बोलू.

१. आधी तीन महिने नुसतं मोजा

वही घ्या नाहीतर एक्सेल उघडा. दर महिन्याला एवढंच लिहायचं: विजेचे युनिट, गॅसचे सिलिंडर, जनरेटरचं डिझेल, पाणी, आलेलं पॅकिंग किलोत, वाया गेलेलं पॅकिंग किलोत, टाकून दिलेलं तेल लिटरमध्ये, आणि तयार माल किती किलो. शेवटचा आकडा विसरू नका. त्याच्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही.

मग गुणाकार. ग्रिडच्या एका युनिटमागे आपल्या देशात साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी काढतं, चालू वर्षाचा तिथूनच घ्यावा. डिझेलच्या एका लिटरमागे २.६८ किलो, एलपीजीच्या एका किलोमागे जवळपास ३ किलो.

आमचा पहिल्या वर्षाचा सरासरी महिना असा निघाला. वीज ३,२०० युनिट, म्हणजे सुमारे २,२४० किलो. व्यापारी सिलिंडर ४२, प्रत्येकी १९ किलो, म्हणजे ७९८ किलो गॅस आणि त्याचे सुमारे २,३९० किलो. डिझेल ६० लिटर, १६० किलो. बेरीज पावणेपाच टनांच्या थोडी वर, आणि तयार माल ९ टन.

हा कागद पाहिला आणि मी गप्पच झाले. तोवर माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या, पाऊच आणि छतावरचं सोलर. इथे तर कढईखालची भट्टी संपूर्ण विजेच्या बिलाला मागे टाकत होती, आणि त्या भट्टीबद्दल मी कधी कुठे चकार शब्द काढला नव्हता.

या हिशोबाची जगभर वापरली जाणारी पद्धत आहे, ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल नावाची, २००१ पासूनची. तिच्यात तीन कप्पे, त्यांना स्कोप म्हणतात. पहिला, आपल्या आवारात जळतं ते: गॅस, डिझेल. दुसरा, तारेतून विकत येणारी वीज. तिसरा, आपल्यामुळे पण दुसऱ्याच्या दारात घडणारं: बेसन, तेल, पाऊच, ट्रक, आणि गिऱ्हाइकानं फेकलेलं रिकामं पाकीट. खाण्याच्या धंद्यात तिसरा कप्पा बहुधा सगळ्यात जाड असतो आणि छोट्या कारखान्याला तो नीट मोजणं अवघडच. मोजला नसेल तर ‘मोजलेला नाही’ असं लिहायचं. पहिल्या दोन कप्प्यांची बेरीज करून तिला ‘आमचं एकूण उत्सर्जन’ म्हणणं ही पहिली चूक, आणि ती मोठमोठे करतात.

२. सगळ्यात मोठ्या आकड्याला हात घाला

बोलण्याजोगं काही घडल्याशिवाय बोलायचं कशाला? आमचा मोठा आकडा भट्टीचा, म्हणून तिथून सुरुवात केली. बर्नर साफ करून घेतले, भट्टीच्या अंगाला उष्णता धरणारं अस्तर लावलं, आणि दोन घाण्यांच्या मधल्या वेळात आच कमी करायची शिस्त लावली. या शिस्तीला पैसे लागले नाहीत, पण सगळ्यात जास्त भांडणं तिच्यावरूनच झाली. आमचे जुने कारागीर म्हणत, “भाभी, कढई ठंडी हुई तो सेंव तेल पीएगी.” त्यांचं बरोबर होतं. शेवटी आच किती उतरवायची ते त्यांनीच ठरवलं आणि मी फक्त थर्मामीटर आणून दिला.

तेलाचं जरा सविस्तर सांगते, कारण नमकीनच्या गावात राहून त्यावर कोणी बोलत नाही. तळून तळून तेलात जी घटकद्रव्यं वाढतात त्यांना टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, त्याच्या नियमानं ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्याच्या कामी वापरता येत नाही, आणि दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची असते. मोजायला हातात धरायचं मीटर मिळतं. आता तेल बाद झालं की जातं कुठे? खरी गोम इथेच आहे. अंधार पडला की डबे घ्यायला येणारे लोक असतात, भाव चांगला देतात, आणि ते तेल पुन्हा कुठल्या तरी ठेल्याच्या कढईत पडतं. २०१८ मध्ये एफएसएसएआयनं ‘रुको’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात नोंदणी असलेले संकलक असं तेल घेऊन बायोडिझेलकडे पाठवतात. भाव कमी मिळतो, पण पावती मिळते. आमच्या फाईलमधले सगळ्यात भक्कम कागद या पावत्यांचेच आहेत.

सोलरही बसवलं, १० किलोवॅटचं. किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट धरा, म्हणजे महिन्याला १,२०० च्या आसपास. पावसाळ्यात कमी.

३. वाक्य घडवा

आता पेन उचला. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ग्रीनवॉशिंगवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्रीनवॉशिंग म्हणजे हिरवेपणाचा खोटा मुलामा. ही तत्त्वं उत्पादकाला लागू आहेत, विक्रेत्याला आहेत, जाहिरात करणाऱ्या एजन्सीलाही आहेत, आणि छोट्या धंद्याला वेगळी सूट नाही. त्यात शब्दांची एक यादीच दिली आहे. ग्रीन, इको-फ्रेंडली, नॅचरल, ऑरगॅनिक, प्युअर, सस्टेनेबल, कार्बन-न्यूट्रल (म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढा भरून काढला) हे आणि असे शब्द नुसते वापरता येत नाहीत. शब्दाबरोबर खुलासा हवा आणि खुलाशामागे पुरावा हवा. तांत्रिक शब्द वापरलात तर त्याचा अर्थ गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत सांगायचा. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था एएससीआय, तिचे हिरव्या दाव्यांबद्दलचे नियम त्याआधीच, १५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाले होते. म्हणजे मी ते पाऊच छापले तेव्हासुद्धा मला कळायला जागा होती.

मी प्रत्येक वाक्याला पाच प्रश्न विचारते. कशाबद्दल: मालाबद्दल, पॅकिंगबद्दल, की बनवण्याच्या पद्धतीबद्दल? किती? कशाच्या तुलनेत, आणि कधीच्या? कोणी तपासलं? आणि वाचणाऱ्याला कुठे पाहता येईल?

आमचं जुनं वाक्य तुम्हाला माहीत आहे. नवं असं आहे: ‘या २०० ग्रॅमच्या पाऊचमध्ये आमच्या २०२४ च्या पाऊचपेक्षा १८ टक्के कमी प्लॅस्टिक (६.१ ग्रॅमऐवजी ५ ग्रॅम). पाऊच अजूनही प्लॅस्टिकचाच आहे. हिशोबासाठी कोड स्कॅन करा.’

छपाईवाला म्हणाला, मॅडम, दुसरं वाक्य काढा, माल खपणार नाही. मी ठेवलं. खप काही घटला नाही. वाढला असंही म्हणणार नाही.

तुलना स्वतःच्याच जुन्या मालाशी करावी, शेजाऱ्याच्या नव्हे. त्याच्या पाकिटाचं वजन तुम्ही करू शकाल, पण ते सगळ्या बॅचना तसंच आहे हे कुठल्या तोंडानं सांगाल?

सोलरचंही तेच. ‘सौर ऊर्जेवर चालणारा कारखाना’ असा बोर्ड लावायला आमचे दीर फार उत्सुक होते. हिशोब मांडला तर ३,२०० युनिटपैकी १,२०० छतावरचे, म्हणजे विजेतला ३७ टक्के वाटा, आणि तळण तर सगळं गॅसवर. बोर्ड लावायचा राहिला तो राहिलाच.

४. ज्या खड्ड्यांत लोक पडतात

*कंपोस्टेबल.* या शब्दानं सगळ्यात जास्त लोकांना फसवलं आहे. कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकला आयएस १७०८८ हे मानक लागतं आणि विकण्याआधी उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते मागा, त्यावरचं नाव, माल आणि तारीख वाचा. माझ्यासारखं करू नका. बरं, प्रमाणपत्र असलं तरी ते औद्योगिक कंपोस्टच्या उष्णतेत कुजण्याचं असतं, तुमच्या गिऱ्हाइकाच्या कुंडीतल्या मातीचं नव्हे. आपल्या इंदुरात घरोघरी कचरा सहा प्रकारांत वेगळा होतो: ओला, सुका, प्लॅस्टिक, घरगुती घातक, सॅनिटरी, ई-कचरा. तुमचं पाकीट यातल्या कुठल्या डब्यात टाकायचं, हे तुम्ही एका ओळीत सांगू शकत नसाल तर ते छापू नका. शिवाय शेव-चिवड्याला ते पाकीट दमट हवेत टिकत नाही. आम्ही आषाढात दोनशे पाकिटं करून पाहिली, तिसऱ्या आठवड्यात शेव मऊ. पाकीट वाचवून आतलं बेसन-तेल फेकायचं, यात कुणाचं भलं?

*रिसायकलेबल.* प्रयोगशाळेत काय होऊ शकतं ते बाजूला ठेवा आणि तुमच्या कबाड्याला विचारा. मी आमचा चकचकीत, तीन थरांचा पाऊच आमच्याकडे भंगार न्यायला येणाऱ्या दादांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन बोटांत चोळला, कुरकुर ऐकली आणि परत दिला. “काकी, ये पन्नी नहीं चलती. सादी हो तो दो.” साध्या, एकाच जातीच्या प्लॅस्टिकला भाव आहे, थरांच्या चिकटवलेल्या पन्नीला नाही. पाच सेकंदांत निकाल लागला.

*कायद्यानं जे करावंच लागतं त्याची फुशारकी.* ‘आमची पिशवी १२० मायक्रॉनची’ असं अभिमानानं लिहिलेलं मी पाहिलं आहे. ३१ डिसेंबर २०२२ पासून त्याहून पातळ प्लॅस्टिक कॅरीबॅगला परवानगीच नाही. ‘सिंगल यूज स्ट्रॉ वापरत नाही’ याचंही तसंच, ती बंदी १ जुलै २०२२ ची.

*‘ग्रीन कॅटेगरी’.* प्रदूषण नियंत्रण मंडळ उद्योगांना लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा अशा श्रेणींत घालतं. ती त्या जातीच्या उद्योगातून प्रदूषण होण्याची शक्यता किती, याची वर्गवारी आहे. तुमचं कौतुक नव्हे. एका ओळखीच्या मुलानं मंडळाच्या संमतीपत्रातली ‘ग्रीन’ ही ओळ पिवळ्या रंगात ठळक करून वेबसाइटवर टाकली होती. मी त्याला रात्री साडेदहाला फोन करून काढायला लावली.

*हिरवा ठिपका.* हसू नका, एका प्रदर्शनात एक बाई मला म्हणाल्या, “तुमच्यावर तर पर्यावरणाचा हिरवा शिक्का आहेच की.” तो शाकाहाराचा. गिऱ्हाईक किती भोळेपणानं वाचतं हे त्या दिवशी कळलं. म्हणून स्वतःच काढलेला गोल शिक्का, ज्यात पान, पृथ्वी आणि ‘सर्टिफाइड’ असा शब्द असतो, तो चुकूनही वापरू नका. नुसता हिरवा रंग किंवा झाडाचं चित्र, ज्यातून दिशाभूल होत नाही, त्याला हरकत नाही.

*गावाची पुण्याई.* इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येत आलं, देवगुराडियाला दिवसाला ५५० टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प आहे, १४ जुलै २०२४ ला एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपं लावल्याचा विक्रमही झाला. हे सगळं खरं, पण ते महापालिकेचं आणि लोकांचं काम. त्या वृक्षारोपणात तुम्ही वीस रोपं लावलीत आणि फोटो काढलात, म्हणून तुमचं लोणचं कार्बन-न्यूट्रल होत नाही.

बढाई न मारता सांगायचं कसं, हे मात्र महापालिकेकडूनच शिकावं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिनं २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले. कशासाठी? खरगोन जिल्ह्यातल्या जलूद इथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प. का? नर्मदेचं पाणी तिथून उपसून इंदूरला चढवायला प्रचंड वीज लागते म्हणून. रक्कम, जागा, क्षमता, कारण. चारही गोष्टी एका दमात सांगता येतात, आणि ‘पृथ्वीसाठी आमचं योगदान’ हे शब्द कुठेच लागत नाहीत.

५. फाईल

छापखान्यात जाण्याआधी ही फाईल पूर्ण हवी. आमची निळ्या रंगाची आहे आणि ती ऑफिसच्या कपाटात नाही, पॅकिंग टेबलाशेजारी असते.

- विजेची, गॅसची, डिझेलची निदान १२ महिन्यांची बिलं
- हिशोबाची शीट. कुठला गुणक कुठल्या वर्षाचा घेतला याच्या नोंदीसह
- उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), एफएसएसएआय परवाना, प्रदूषण मंडळाची संमती
- पॅकिंगवाल्याकडून लेखी: कुठले थर, किती मायक्रॉन, एका पाऊचचं वजन, आणि तो उत्पादक म्हणून केंद्रीय मंडळाच्या ईपीआर (विकलेल्या प्लॅस्टिकच्या कचऱ्याची उत्पादकावरची जबाबदारी) पोर्टलवर नोंदलेला असल्याचा क्रमांक
- जुन्या आणि नव्या पाऊचचे नमुने, तारीख घातलेले
- वजनकाट्याच्या पडताळणीचं प्रमाणपत्र (हे सगळेच विसरतात)
- बाद तेलाच्या पावत्या, कबाड्याला दिलेल्या मालाची वही

पाऊचचं वजन एकाच पाऊचवर करू नका. आम्ही वेगवेगळ्या बॅचमधले शंभर एकत्र तोलले आणि भागाकार केला. एकेक तोलताना काटा ४.८ पासून ५.३ पर्यंत नाचत होता.

६. प्रमाणपत्र कशाचं, ते वाचा

सुरुवातीला मला वाटे, एक भारीतलं प्रमाणपत्र घेतलं की सुटलो. तसं नाही, प्रत्येक कागद वेगळीच गोष्ट सांगतो.

आयएसओ १४००१ सांगतं की तुमच्या कारखान्यात पर्यावरणाची कामं पाहण्याची व्यवस्था आहे. तुमची शेव हिरवी आहे असं ते सांगत नाही, म्हणून पाकिटावर ते मालाचं प्रमाणपत्र असल्यासारखं छापू नये. खाद्यपदार्थ ऑरगॅनिक म्हणून विकायचे तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय योजनांपैकी एकीचं प्रमाणन लागतं, आणि मग ‘जैविक भारत’चं चिन्ह. इकोमार्क आपल्या सरकारचा, १९९१ पासूनचा, चिन्ह मातीच्या माठाचं. २०२४ मध्ये त्याचे नियम नव्यानं आले. तो ठरावीक प्रकारच्या वस्तूंनाच मिळतो, तेव्हा आपली वस्तू त्यात बसते का ते आधी पाहा.

नव्या माणसानं झेडपासून सुरुवात करावी असं माझं मत. ‘झीरो डिफेक्ट झीरो इफेक्ट’, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाची योजना. उद्यम नोंदणी असली की ऑनलाइन शपथ घ्यायची आणि मग कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या. कांस्यची फी १०,००० रुपये, त्यात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६० टक्के सवलत. मला त्या कागदापेक्षा त्यांची प्रश्नावली कामाची वाटली. सगळी उत्तरं फोटोसकट द्यावी लागतात, त्यामुळे आपोआप आवारातून एक चक्कर होते. आमच्याकडे गळका नळ आणि उघडं पडलेलं पॅनल त्यातच सापडलं.

७. कोडमागचं पान

पाकिटावर जागा बोटभर. बाकीचं क्यूआर कोडमागे ठेवता येतं, मार्गदर्शक तत्त्वांना ते चालतं. पण कोडमागे तुमच्या साइटचं पहिलं पान उघडत असेल तर ती फसवणूकच. सरळ हिशोबाचं पान उघडलं पाहिजे.

आमच्या पानावर तीन भाग आहेत: काय केलं, काय मोजलं, काय अजून झालं नाही. तिसरा भाग सगळ्यात लांब आहे. त्यात लिहिलं आहे की बेसन आणि तेलाच्या शेतीपासूनचं उत्सर्जन मोजलेलं नाही, पाऊच कबाडी घेत नाहीत, आणि भट्टी अजून एलपीजीवर आहे. मराठी, हिंदी आणि इंग्रजीत मजकूर एकच ठेवा. इंग्रजीत सावध आणि मराठीत बढाईखोर असं बरेच जण करतात.

८. पुढच्या वर्षांची वचनं

‘२०३० पर्यंत नेट झीरो’, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य, असं लिहायचा मोह होतो, कारण २०३० ला कोण विचारायला येतंय! विचारतात. भविष्यातलं उद्दिष्ट सांगायचं तर त्यासाठीची स्पष्ट, कृतीत उतरणारी योजना आधी तयार हवी, असं तत्त्वांतच आहे. आम्ही एकच वचन दिलं आहे: मार्च २०२७ पर्यंत २०० ग्रॅमचा पाऊच एकाच जातीच्या प्लॅस्टिकचा. दोन नमुने फेल गेले आहेत, तेही पानावर आहे.

युरोपात माल पाठवायचा विचार असेल त्यांनी आणखी जपावं. तिथला नवा ग्राहक-निर्देश २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होतो आहे. दुसरीकडून कार्बन क्रेडिट (दुसऱ्यानं कमी केलेल्या उत्सर्जनाचं श्रेय) विकत घेऊन आपल्या मालाला ‘कार्बन-न्यूट्रल’ म्हणणं त्यानं बंद होतं.

९. मोठ्या कंपनीचा फॉर्म आला तर

शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबी या बाजार-नियामकासाठी बीआरएसआर नावाचा, पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यामुळे त्या आपल्याला माल देणाऱ्यांकडेही माहिती मागतात. पहिला फॉर्म आला तेव्हा मला घाम फुटला, चाळीसेक रकाने. जे माहीत आहे ते भरा, उरलेल्यांत ‘मोजलेलं नाही’ लिहा. रिकामं सोडू नका आणि अंदाजानं शून्य तर मुळीच घालू नका. शून्याचा पुरावा मागितला तर तो सगळ्यात अवघड.

१०. कोणी बोट दाखवलं तर

ग्राहक १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करू शकतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. घाबरवायला सांगत नाही. बहुतेक वेळा आधी एक साधी मेल येते, आम्हाला आली तशी. तिला वकिली उत्तर न देता तीन दिवसांत फाईलमधला कागद पाठवा. कागद नसेल तर वाक्य मागे घ्या, आणि कधीपासून कुठल्या बॅचमधून काढलं ते कळवा. मी पुण्याला ३८,००० पाऊच, बॅच क्रमांक आणि स्टिकरचा फोटो पाठवला. ऑर्डर एक महिना पुढे गेली, रद्द झाली नाही.

११. दर एप्रिलला आकडे बदला, उलटे गेले तरी

गेल्या वर्षी आमचा माल महिन्याला ९ टनांवरून ११ टनांवर गेला. उत्सर्जन ४.८ टनांवरून ५.३ वर. दीर म्हणाले, किलोमागचा आकडा टाकू, तो ०.५३ वरून ०.४८ वर उतरलाय. तो टाकला, आणि त्याच्या वर, त्याच मापाच्या अक्षरांत, एकूण आकडा वाढल्याचंही टाकलं. दोन्ही न दिसले तर वाचणाऱ्याला वाटेल की धुरांडं लहान झालं.

पान बदलल्यावर पंधरा दिवसांनी पुण्याहून मेल आली. यावेळी एकच ओळ होती: ५.३ टनांत जनरेटरचं डिझेल धरलंय का? धरलं होतं. ६० चे ७५ लिटर झालेत, कारण मे महिन्यात वीज फार गेली. तेवढं लिहून बिलांचे फोटो जोडले आणि कढई बघायला उठले.